डिस्ट्रिब्यूटरवरचं कुंकू

मामा,

तुमच्याविषयी लोक फार चांगलं बोलत आहेत आणि मला ते ऐकवत नाही. बसायला आलेला प्रत्येक जण सतरंजीवर टेकतो, पाण्याचा पेला नुसता हातात धरून ठेवतो आणि म्हणतो, "शांत माणूस. कधी कुणाशी वाद म्हणून नाही." मी उंबऱ्यात उभी असते. मान हलवते, कारण सुनेनं अशा वेळी मान हलवायची असते. मनात म्हणते, हे कुणाविषयी चाललंय? आमच्या मामांविषयी? एका मूठभर वस्तूवरून माझ्याशी वर्षभर भांडले आणि भांडण अर्धं टाकून निघून गेले, त्या मामांविषयी?

तुम्ही शांत नव्हता. तुम्ही हट्टी होता. फक्त हट्ट करताना तुमचा आवाज चढत नसे, म्हणून लोकांना तो शांतपणा वाटायचा. आत्यांना ते ठाऊक आहे. कुणी "शांत माणूस" म्हटलं की त्या पदराआडून माझ्याकडे बघतात. सासूसासऱ्यांना आत्या-मामा म्हणायची आपल्याकडची रीत, म्हणून मी तुम्हाला मामा म्हणत आले. पण गेलं वर्षभर तुम्ही माझे सासरे कमी आणि वस्ताद जास्त होता, आणि वस्ताद म्हणून तुम्ही असह्य होता हे आता कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

शाळेत स्टाफरूममध्ये बाकीच्या बाई मला विचारायच्या, "मॅडम, मराठी शिकवता तुम्ही. रविवारी सासऱ्यांबरोबर ट्रकचं काय दुरुस्त करता?" मी सांगायची, पेट्रोलच्या जुन्या इंजिनात सहा सिलिंडर आहेत, आणि प्रत्येकाला त्याच्या पाळीला ठिणगी लागते. ती ठिणगी ज्याच्या त्याच्या पानात नेऊन वाढणारा पंगतीतला वाढपी म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. वर तपकिरी झाकण, झाकणावर तारा खोचायची शिंगं, आत फिरणारा दांडा. वाढपी चुकला की पंगत बिघडली. एवढं ऐकून त्या पोर्शन कुठवर आला ते विचारायच्या.

तुमच्या ट्रकला वाढपी नव्हता असंही नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या तुमच्या दोस्ताच्या, हणमंतकाकांच्या शेडमध्ये तो नाकाड्या ट्रक उभा होता तेव्हा त्याला दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा डिस्ट्रिब्यूटर वायसर घालून, पट्टी वाकवून बसवलेला होता. इंजिन चालायचं. खोकत, पण चालायचं. संजय तुम्हाला म्हणाला होता, "बाबा, आता इलेक्ट्रॉनिक मिळतं. एकदा बसवलं की विसरून जायचं."

"इसरायचंच असतं तर ट्रक कशाला ठिवला असता?" तुम्ही म्हणालात, आणि विषय संपवलात. तुमच्या मुलाला तुम्ही असंच गप्प करायचा. मला मात्र करू शकला नाहीत, याचं मला अजून बरं वाटतं.

मग भंगारात तुम्हाला त्या इंजिनाचा असली डिस्ट्रिब्यूटर सापडला. गंजून गोळा झालेला, आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. तुम्ही तो पिशवीतून घरी आणलात आणि माझ्यापुढे धरलात. "वाच, काय लिवलंय. अक्षरं लई बारीक कराय लागल्यात आताशा." ती अक्षरं तुमच्या जन्माच्या आधी ठोकलेली होती, मामा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही तुम्हाला जवळचं दिसत नव्हतं, पण ते कबूल करण्यापेक्षा अक्षरांना दोष देणं तुम्हाला सोपं वाटलं. मी नंबर वाचला. इंजिनच्या जुन्या पुस्तकाशी ताडून बघितला. जुळला. तुम्ही तो उचललात. आत गेलात, आत्यांची शेंगाचटणीची काचेची बरणी रिकामी केलीत आणि त्यात रॉकेल ओतून डिस्ट्रिब्यूटर बुडवून ठेवलात. चटणी कढईत काढून ठेवलेली आत्यांना संध्याकाळी सापडली. त्या रात्री चटणी कुणाच्याच ताटात आली नाही.

त्या बरणीपासून मी तुमचे डोळे झाले. कसं झाले ते मला सांगता येणार नाही. तुम्ही बोलावलं नाहीत, मी विचारलं नाही. एका रविवारी तुम्ही पाना पुढे केलात आणि मी तो घेतला. करकंबचे तुमचे चुलतभाऊ आले होते, मला तेलकट हातांनी बघून हसले. "सुनंला ग्यारेज काढून देताय का काय?" तुम्ही वरही न बघता म्हणालात, "तिला येतंय. तुला येतंय का?" येत तर मला काहीच नव्हतं तेव्हा. पण त्यानंतर शिकणं भाग पडलं.

आणि काय शिकवणं ते! आतला दांडा डुगडुगत होता. तो ज्यात फिरतो ते बुश झिजलेलं. लेथवाल्या बाबूभाईंनी तो हलवून बघितला आणि म्हणाले, "क्या मामू, नवा डाल लेते कायकू नै? फुकट सर खपाते." तुम्ही त्यांच्या लेथशेजारी स्टूल घेऊन बसलात आणि नवं बुश निघेपर्यंत उठला नाहीत. ते बसवल्यावर दांडा असा गप्प फिरला की बाबूभाईंनीच तो पुन्हा पुन्हा फिरवून बघितला. तिथवर तुमचं बरोबर होतं, मान्य.

पण पॉइंटची फट? आत दोन पॉइंट उघडतात-मिटतात, त्यांच्यात ठरावीक फट लागते, आणि ती मोजायला बारीक पात्यांचा गेज मिळतो. मी तो आणून दिला. तुम्ही तो कपाटात ठेवलात आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढलात. पत्रिकेचा पुठ्ठा पॉइंटमध्ये सरकवायचा, अडकत अडकत निघाला की फट बरोबर, ही तुमची पद्धत.

"मामा, प्रत्येक पत्रिकेची जाडी वेगळी असते."

"म्हणून तर गठ्ठा ठिवलाय. ही शिंद्यांची. लई जाड. ती बारकी दे, पवारांच्या पोराची."

"आणि पवारांच्या पोराची बरोबर कशावरून?"

"टिकलंय की लग्न."

मी आत जाऊन गेज घेऊन आले आणि पवारांची पत्रिका त्याच्याशी ताडून बघितली. बरोबर निघाली. तुम्ही हसला नाहीत. हसला असता तर बरं झालं असतं. नुसता हात पुढे केलात, पत्रिका परत मागायला.

पहिल्यांदा डिस्ट्रिब्यूटर बसवला तेव्हा इंजिननं कार्बोरेटरमधून असा आवाज काढला की हणमंतकाका शेडबाहेर पळाले. दांडा अर्धा फेरा उलटा बसला होता. पहिल्या सिलिंडरचं दाबाचं टोक अंगठ्यानं ओळखायचं म्हणून तुम्ही प्लगच्या भोकावर अंगठा धरला होता आणि मी हँडल मारत होते. "आलं, आलं, थांब," म्हणालात, तेव्हा आलेलं नव्हतं. मी पुस्तकात बघून सांगितलं. "पुस्तक वाचून इंजिन सुरू हुतंय व्हय?" म्हणत तुम्ही पुन्हा तोच अंगठा धरलात. दुसऱ्या वेळी मात्र सुरू झालं. सहाच्या सहा सिलिंडर एका लयीत. तुम्ही बॉनेटवर हात ठेवून उभे राहिलात आणि हात काढेनात. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. "पेट्रोल वाया चाललंय, बंद कर," एवढंच बोललात.

मग खंडेनवमी आली आणि सगळं नासलं.

ट्रकची पूजा करायची, हे ठीक. चाकांना, स्टिअरिंगला, पान्यांना कुंकू, हेही ठीक. पण तुम्हाला नव्यानं उठवलेल्या डिस्ट्रिब्यूटरची वेगळी पूजा करायची होती. तुम्ही ओल्या कुंकवात बोट बुडवून त्याच्या झाकणावर स्वस्तिक काढलंत. मधल्या शिंगापासून चारी बाजूंना, अगदी मन लावून, एकाही तारेला न वगळता. दिसत नव्हतं तरी बोटानं चाचपून काढलंत. एवढ्या दाबाची वीज ज्या झाकणातून जाते, त्याच्यावर तुम्ही तिला इकडून तिकडे जायला ओला रस्ता करून दिलात. मी शेजारी उभी होते, हातात नारळ. पूजा चालू असताना काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी इंजिन फटफटायला लागलं. दोन सिलिंडर गप्प.

"मामा, ते कुंकू पुसून बघू."

"कंडेन्सर गेलाय." पॉइंटवर ठिणगी उडू नये म्हणून शेजारी बसवलेली ती बोटाच्या पेराएवढी डबी तुम्ही दाखवलीत.

"कंडेन्सर कालपर्यंत चांगला होता. आधी कुंकू पुसू, मग कंडेन्सर बघू."

"पूजेचं कुंकू पुसत्यात व्हय? कंडेन्सर हाय तो, मी सांगतोय की."

"झाकणावर वीज फिरतेय, मामा. जळून कोळशाची रेघ पडेल. झाकण पुन्हा मिळायचं नाही."

"देवाच्या कुंकवानं गाड्या बंद पडाय लागल्या तर दसऱ्याला रस्त्यावर एक गाडी दिसायची न्हाय, मास्तरीणबाई."

हे आपलं शेवटचं बोलणं. परतीच्या वाटेवर रिक्षात तुम्ही एका कडेला, मी एका कडेला. नंतर दोन-तीन दिवस आपण एकमेकांना फक्त "जेवण झालं का" विचारत होतो. आणि मग त्या सकाळी तुम्ही आंघोळीला निघालात, खांद्यावर टॉवेल, आणि दाराला धरून खाली बसलात. डॉक्टर येईपर्यंत सगळं झालं होतं. वाद घालणाऱ्या माणसानं असं बोलणं मध्येच सोडून जाऊ नये, एवढंही तुम्हाला कळलं नाही.

तुम्हाला नेल्यावर बायकांनी आत्यांचं कुंकू पुसलं. नात्यातली कोण एक पुढे झाली, आत्यांनी हात वर केला, थांब म्हणायला की आधार धरायला ते मला अजून कळलेलं नाही, आणि तोवर पुसून झालंही. आत्या काही बोलल्या नाहीत. तेरावं झाल्यावर संजयनं ट्रकचा विषय काढला, तेव्हा बोलल्या.

हणमंतकाकांना शेड रिकामी करून हवी होती, त्यांची नवी मशीन यायची होती. संजय म्हणाला, "बघा, गावी करकंबला आपल्या पत्र्याखाली जागा आहे. ट्रक चालत गेला तर तिथं ठेवू. क्रेन लावून ओढायची वेळ आली तर मी भंगारवाल्याला बोलावणार. मला हे पुढं झेपणार नाही." तो रागावलेला नव्हता. थकला होता. त्याचंही चूक नव्हतं.

मी म्हटलं, "चालेल. फक्त झाकण पुसायला लागेल."

"त्याला हात लावायचा न्हाय," आत्या म्हणाल्या. "त्यांच्या हातचं शेवटचं कुंकू हाय ते. माझं पुसताना कुणी इचारलं न्हाय. ते तरी राहू दे."

आता यावर काय बोलायचं, मामा? सांगा ना. पुसलं नाही तर ट्रक भंगारात, आणि कुंकूही त्याच्याबरोबर. पुसलं तर आत्यांच्या डोळ्यांसमोर ते दुसऱ्यांदा पुसलं जाणार. असा पेच घालून ठेवायला तुमच्यासारखाच माणूस लागतो.

मी एवढंच म्हटलं, "तुम्ही या शेडमध्ये. तुम्ही सांगाल तसं करू."

"येनारच हाय. बघते तुमी काय करता ते."

त्या आल्या आणि बॉनेटसमोर एका उलट्या क्रेटवर राखणदारासारख्या बसल्या. संजय केबिनमध्ये चढला. मी बॉनेट उघडलं आणि शटर खाली ओढलं. भर दुपारी शेडमध्ये अंधार झाला. वीज झाकणावरून पळत असेल तर ती अंधारात दिसते, हे मी वाचलं होतं. बघितलं कधी नव्हतं. "सेल्फ मार," मी म्हटलं.

इंजिन फटफटत सुरू झालं. आणि झाकणावर निळ्या मुंग्या चालायला लागल्या. मधल्या शिंगापासून निघायच्या, तुमच्या बोटानं काढलेल्या रेघेवरून वळायच्या, दुसऱ्या तारेशी जाऊन विझायच्या. पुन्हा निघायच्या. अख्खं स्वस्तिक नाही, त्याच्या दोन बाजू. पण अंधारात तेवढ्या पुरेशा होत्या.

"अगं बया!" आत्या उठून उभ्या राहिल्या. "स्वस्तिक पेटलं." आणि त्यांनी हात जोडले.

"काय झालं? कुणाला लागलं का?" संजय केबिनमधून ओरडला.

"तुजं बा आल्यात," आत्या म्हणाल्या.

त्या क्षणी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा उभ्या वर्षात आला नव्हता. जिवंतपणी माझं ऐकलं नाहीत. आता तर चमत्कारच होऊन बसलात, म्हणजे माझं कुणी ऐकायचा प्रश्नच मिटला. मी इंजिन बंद करायला लावलं, शटर वर केलं. उजेडात झाकण पुन्हा झाकणासारखं दिसायला लागलं. आत्यांचे हात अजून जोडलेले होते.

"आत्या, ती ठिणगी आहे," मी म्हटलं. "ती तिथं दिसायला नको."

"मग कुटं दिसाय पायजे?"

"कुठंच नाही. आत, सिलिंडरमध्ये पडायला हवी. कुणाला न दिसता."

"आन् भाईर काय करतीया?"

"कुंकवावरून चाललीय. ज्याची पाळी नाही त्याच्याकडं."

आत्यांनी हात खाली घेतले. झाकणाजवळ गेल्या, वाकून बघितलं. "म्हंजे घरला यायला निघाली आन् वाटंत कुणासंगं तरी बोलत बसली."

"तसंच."

"मग त्येंचीच हाय ती."

संजय हसला. तुम्ही गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवलं.

"असंच ठिवलं तर?" आत्यांनी विचारलं.

"झाकण जळेल. पुन्हा मिळायचं नाही."

"आन् पुसलं तर चालंल?"

"मला वाटतं चालेल. नक्की नाही सांगत."

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "येवढी वरसं कपाळाला लावलं. त्यापायी थांबलं का तुजं मामा? आन हिकडं ती चिंधी."

त्यांनी स्वतः पुसलं. कुणाला हात लावू दिला नाही. पेट्रोलात भिजवलेली चिंधी शिंगाशिंगांच्या मधून फिरवून, तव्याचा काठ पुसावा तसं. बोटं लाल झाली. ती कुठं पुसावीत म्हणून त्यांनी इकडे तिकडे बघितलं, आणि मडगार्डवर हात ठेवत मला विचारलं, "हितं वीज असती का?"

"नाही. इथं काही नसतं."

त्यांनी बोटं मडगार्डवर ओढली. तीन लाल रेघा. "मग हितं लावाय काय झालतं त्यास्नी?"

हेच, मामा. अगदी हेच मी तुम्हाला म्हणायला हवं होतं, आणि मला सुचलं नव्हतं.

झाकण हातात घेऊन मी बघितलं तर कुंकवाखाली दोन काळ्या केसाएवढ्या रेघा होत्या. जळायला सुरुवात झाली होती. बारीक पॉलिशपेपरनं त्या खरवडत मी दाराशी उजेडात बसले. बसल्या बसल्या मला एक गोष्ट कळली, ती तुम्हाला कधी सांगितली नाही म्हणून इथं सांगते. मी कमी बोलते, म्हणून लोक माझ्याशी लगेच सहमत होतात आणि पुढे जातात. घरात, शाळेत, सगळीकडे. माझं म्हणणं खोडून काढण्याएवढं मनावर तुम्हीच घेतलंत. इतकं कुणी माझ्याशी भांडलं नव्हतं. रविवार येण्याची मी वाट बघायची, मामा. तेही आता कुणाला सांगायचं?

झाकण घेऊन परत आले तर संजय डिस्ट्रिब्यूटरवरून हात काढत होता.

"काय केलंस?"

"कंडेन्सर बदलला."

"आत्ता?"

"बाबांनी आणायला सांगितला होता. फोन केला होता त्यांनी, गेले त्याच्या आदल्या दिवशी. मी म्हटलं, उद्या आणतो." त्यानं जुना कंडेन्सर माझ्या तळहातावर ठेवला. "रोज खिशात घेऊन फिरतोय नवा. म्हटलं आज लावून टाकावा."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. हे मला तुम्हीच सांगितलं होतंत. ते संजयला सांगण्यासारखं त्याचं तोंड नव्हतं. मी झाकण बसवलं, क्लिपा लावल्या.

पहिल्याच फेऱ्याला इंजिन लागलं. सहाच्या सहा. संजयनं थोडं थांबून ऐकलं आणि भंगारवाल्याचं नाव न काढता गिअर टाकला. हणमंतकाकांनी शटर पूर्ण वर केलं आणि ट्रक स्वतःच्या चाकांवर बाहेर आला. आत्या केबिनमध्ये मधे बसल्या, पाय अवघडले तरी. मोहोळपर्यंत तुम्हाला नावं ठेवत आल्या, मोहोळच्या पुढे झोपल्या. दिवस मावळायच्या आत आम्ही करकंबला पोचलो. तुमचे चुलतभाऊ पत्र्याखाली जागा करून उभे होते. ते हसले नाहीत.

तर ट्रक राहिला. वादाचं मात्र तुम्ही वाटोळं केलंत. झाकण पुसलं तेव्हाच कंडेन्सरही बदलला गेला, तुमच्याच सांगण्यावरून, तुमच्या मागे. मी म्हणेन, निळ्या मुंग्या आम्ही तिघांनी डोळ्यांनी बघितल्या. तुमचं उत्तर मला पाठ आहे: "कंडेन्सर मेला की ठिणगी कुटंबी पळती. कुंकवाचं नाव कशाला घेतीस?" आत्यांचा कौल मागितला तर त्या दोघांनाही वेड्यात काढतात.

तपासायचं म्हटलं तर अवघड नाही. स्वच्छ झाकणाखाली जुना कंडेन्सर पुन्हा बसवायचा आणि इंजिन सुरू करायचं. सहा चालले तर मी खरी, फटफटलं तर तुम्ही. एक पाना लागेल, आणि चहाला उकळी यायला लागतो तेवढा वेळ. संजय परवाच म्हणाला, "बघून टाक ना एकदाचं."

मी बघणार नाही. तुम्ही म्हणाल, भ्याली मास्तरीण.

म्हणा.